वीस गुलाबांची परीक्षा

टेकडीच्या पायथ्याशी एका इवल्याशा घरात कालिंदी आणि तिची आई राहायची. आई इमारतींचे जिने पुसायची. पुसून पुसून तिचे गुडघे इतके दुखायचे, की उठता-बसता बिचारी कळवळायची. पण कालिंदीला तिने शिकवलं हो! झाडांच्या शास्त्रात पोरगी कॉलेजात पहिली आली, सोनेरी शिक्क्याची पदवी घेऊन आली. आता नोकरी लागली, की आईचे जिने बंद! पण छे! जिथे जावं तिथे एकच प्रश्न, "अनुभव आहे का?"

शेवटी रंगमळा नावाच्या गुलाबबागेच्या मालकीण इंदुमतीबाई म्हणाल्या, "महिनाभर ये. वीस रानगुलाबांवर डोळे भर. जगले तर नोकरी तुझी."

डोळा भरणं म्हणजे काय, माहितीये? चांगल्या गुलाबाचा चिमुकला कोंब सालीसकट काढायचा, रानगुलाबाच्या सालीत बसवायचा आणि वर पट्टी बांधायची. कालिंदीने परीक्षेत याची सुरेख आकृती काढली होती. पैकीच्या पैकी गुण! हातात चाकू मात्र कधी धरला नव्हता. शेजारीच जुनी माळीण ठकूमावशी झरझर डोळे भरायची. पण एवढं शिकून तिला विचारायचं? लोक काय म्हणतील?

पंधरा दिवसांनी पट्ट्या सोडल्या, तर सगळे डोळे काळेठिक्कर! कालिंदी मटकन खाली बसली. तेवढ्यात एका चिकट पट्टीत काहीतरी फडफडलं. गुलाबी झग्यातली, अंगठ्याएवढी परी! तिचे चमचमते पंख पट्टीला चिकटले होते. कालिंदी आपलं रडू विसरली. थेंब थेंब पाणी लावत तिने ते नाजूक पंख हळूहळू सोडवले. अख्खी दुपार गेली.

"किती गं गुणाची तू!" परी किणकिणत्या आवाजात म्हणाली. "एक वर माग. पण अट आहे हं! जे माणसाकडून शिकता येतं, ते मी देत नाही."

"मला डोळे नीट भरता येऊ देत!"

"ते ठकूमावशीकडे मिळतं," म्हणत परी खुदकन हसली आणि पाकळ्यांत लपली.

कालिंदीचे कान लाल झाले. तरी ती गेली. "मावशी, मला डोळा भरता येत नाही. शिकवाल का?"

ठकूमावशीने एक काळा डोळा निरखला. "अगं बाई! उलटे बसवलेस की सगळे! मी बघत होते, पण म्हटलं, कॉलेजची पोरगी, नवीन पद्धत असेल!"

दोघी पोट धरधरून हसल्या. मग मावशीने हात धरून शिकवलं. त्याच रोपांच्या दुसऱ्या बाजूला कालिंदीने वीस डोळे पुन्हा भरले.

महिना संपला. इंदुमतीबाई यायच्या आधी परी आली, मोरपंखी, सोनेरी, गुलाबी झगमगत. "पट्ट्यांखाली काय झालंय, ते आता कुणाच्या शिकवण्याने बदलणार नाही. सगळे हिरवे होवोत म्हण, करते!"

कालिंदीने तोंड उघडलं. डोळे मेले असतील तर नोकरी गेली! पण सकाळी भिंत धरून उठणारी आई तिला आठवली.

"माझ्या आईचे गुडघे बरे कर."

परीने चिमुकली छडी फिरवली आणि फांदीवर जाऊन बसली.

बाईंनी पहिली पट्टी सोडली. हिरवा! दुसराही हिरवा! तिसरा वाळलेला. वीस पट्ट्या सुटल्या, अठरा डोळे टवटवीत!

"उद्यापासून कामावर ये," बाई म्हणाल्या.

हुश्श! कालिंदीच्या छातीवरचा धोंडा उतरला. फांदीवर लख्ख गुलाबी उजेड पडला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. कालिंदीला रडूच कोसळलं.

"रडतेस काय, वेडाबाई?" ठकूमावशी म्हणाली. "ती बघ कोण आलीय!"

फाटकातून आई येत होती. चक्क पळत.