जीपचा खुळखुळा मुका झाला

ये, मांडीवर ये. कान इकडे दे.

उंदराचं एक पिल्लू होतं. त्याचं नाव चिटकू. शेवंतामावशीच्या जीपशेजारी पेंढा होता. पेंढ्यात चिटकू राही आणि चिटकूची आई.

एकदा आई वांग्यांच्या टोपलीत चढली. जीपमधून बाजाराला गेली. तिथं दाणे वेचू लागली. वेचता वेचता राहिलीच की तिकडे!

जीप परत आली. आई नाही आली.

पेंढ्यात आईची जागा होती. खोलगट. गार गार. चिटकू तिथं बसला, आपलीच शेपटी कवटाळून. करमेना. मग उठला आणि निघाला.

तुरु तुरु, तुरु तुरु.

"जीप जीप, पळ.
आई येत नाही,
मला एकटं करमत नाही."

घर्र... घर्र... फुस्स! जीप म्हणाली, "कशी पळू? दम कोंडलाय. माझा खुळखुळा मुका झालाय. तो निघेल, नवा बसेल, मग पळेन."

खुळखुळा कुठला? तुझा नव्हे हो! इंजिनाला श्वास सोडायला इवलासा व्हॉल्व्ह असतो. चांगला असला की हलवल्यावर वाजतो. म्हणून सगळे त्याला खुळखुळाच म्हणत.

तुरु तुरु, तुरु तुरु.

"खुळखुळ्या खुळखुळ्या, नीघ.
जीप पळत नाही,
आई येत नाही,
मला एकटं करमत नाही."

"अं... अं..." खुळखुळ्याचं तोंड काजळीनं भरलेलं. "नळीनं घट्ट धरलंय. पक्कड सोडवेल, मग निघेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"पक्कड पक्कड, उघड.
खुळखुळा निघत नाही,
जीप पळत नाही,
आई येत नाही,
मला एकटं करमत नाही."

करकर! पक्कड म्हणाली, "गंजलेय मी. बुधली तेल देईल, मग उघडेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"बुधली बुधली, तेल दे.
पक्कड उघडत नाही,
खुळखुळा निघत नाही,
जीप पळत नाही,
आई येत नाही,
मला एकटं करमत नाही."

"अगंबाई! माझं बूच मीच काढू होय?" बुधली म्हणाली. "मेस्त्रीआजोबा काढतील, मग देईन."

तुरु... तुरु... पाय दमले.

रावजी मेस्त्री जुन्या टायरवर बसले होते. भिंतीकडे तोंड करून. एकटेच. त्यांचे हात हलत होते, लटलट लटलट.

"मेस्त्रीआजोबा, बूच काढा.
बुधली तेल देत नाही,
पक्कड उघडत नाही,
खुळखुळा निघत नाही,
जीप पळत नाही,
आई येत नाही,
मला एकटं करमत नाही."

मेस्त्री वळले. "मला हाक मारलीस? कुणी मारत नाही रे आता. मलाही करमत नाही. पण हात बघ माझे. असल्या हातांनी खुळखुळा कसा तपासू?"

"कसा तपासतात, आजोबा?"

"सोप्पं आहे. कानाशी धरायचा आणि हलवाय..."

मेस्त्री थांबले. हाताकडे बघितलं. लटलट लटलट.

"अरे लबाडा! हलवायचाच तर असतो!"

आणि मेस्त्री हसले, खो खो खो.

मेस्त्रींनी बूच काढलं. टुप्!
बुधलीनं तेल दिलं. टिप टिप.
पक्कड उघडली. कचक्!
खुळखुळा निघाला. सुटलो!

मेस्त्रींनी तो कानाशी धरला. लटलट लटलट. गप्प!

"पार मुका," मेस्त्री म्हणाले. डबीतून नवा काढला. लटलट लटलट.

खुळ खुळ, खुळ खुळ!

"हा बोलका!" नवा बसवला. "शेवंते, फिरव चावी!"

"फिरवते अण्णा. आणि तुम्हीही बसा. भिंतीशी किती गप्पा मारणार?"

घर्र... घर्र... भुर्रर्र! जीप पळाली. पुढे मेस्त्री. मागे टोपलीत चिटकू.

बाजारात, पोत्यामागे, दोन मिशा दिसल्या.

"आई!"

"किती वाट बघितली रे तुझी!"

"तू नाही, मी बघितली!"

"बरं, तू. ये इकडे."

पेंढ्यातली जागा आता गार नाही. खोलगट आहे, पण दोघांना पुरत नाही. सरक जरा, सरक जरा, असं चालतं.

चिटकूला मिळाली आई,
गोष्ट पुढे उरली नाही.