चांगुणायची सुटती गाठ

फार फार वर्षं झाली, मुरवेळच्या खाडीवर तेव्हा दीपस्तंभही नव्हता. त्या काळी तिथं चांगुणा नावाची कोळीण राहायची; आता सगळे तिला चांगुणाय म्हणतात. अख्ख्या गावाचे गळ तीच बांधून द्यायची. रावसासाठी पाच वेढ्यांची बारीक गाठ, शिंगाळ्यासाठी दुहेरी फासाची. दोरी बोटांवर घेतली की तिला मासा दिसायचा, असं म्हणतात. तिची गाठ कधीच सुटली नाही.

एके दिवशी तिचा नवरा धाकू आणि त्याचा जोडीदार दामा खोल पाण्यात गेले. गळाला पाकट लागलं, पंखांसारखे कल्ले असलेला चपटा मासा. अंगणाएवढं पाकट! त्यानं होडी ओढत ओढत तळाकडे नेली. धाकू होडीशी चांगुणानंच बांधून दिलेली दोरी सोडवत राहिला आणि होडीबरोबर खाली गेला. दामा पोहत आला. किनाऱ्यावर गुडघे टेकून म्हणाला, "बाय, तुझी गाठ सुटली नाय गो."

त्यानंतर चांगुणानं दोरीला हात लावला नाही. रोज ओहोटीच्या चिखलात बसून ती पाण्याकडे बघायची. पाणी खुंटाला वेढा घालायचं, आपणच निघून जायचं. वर्षभर तिनं तेवढंच बघितलं. मग एका सकाळी दोरी मागवली आणि नवी गाठ बांधली. ताण येईल तेवढी ती घट्ट बसायची, आणि मागं सोडलेलं टोक ओढलं की एका क्षणात उलगडायची.

"आता मला तिथं ने," ती दामाला म्हणाली.

भर दुपार होती. समुद्र दुधासारखा निवांत होता. होडीखाली सावली आली, पण आभाळात ढग नव्हता. पाकट वर आलं. त्याच्या ओठात गळ होता, आणि गळापासून दोरी खाली खाली अंधारात गेली होती.

दामानं भाला उचलला. "हाच तो वैरी! मारू?"

"थांब," चांगुणा म्हणाली. "तेही बांधलेलंच हाय रे."

ती पाण्यावर ओणवली. आपली गाठ तिनं ओळखली. पाकट हललं नाही. बोटं रक्ताळली, मीठ झोंबलं, ऊन कललं, आणि शेवटी ती गाठ सुटली. दोरी पाण्यात गेली. पाकटानं पंख पसरले आणि ते सावलीसारखं विरून गेलं.

थोड्या वेळानं तळातून धाकूची होडी वर आली, रिकामी, धुतल्यासारखी स्वच्छ. चांगुणा त्या होडीत उतरली, फळीला गाल लावून पहिल्यांदा रडली, आणि वल्हवत घरी आली. असं म्हणतात.

अजूनही मुरवेळला मासेमारी सुरू होते त्या दिवशी घरची बाई होडीला गळाची दोरी त्याच सुटत्या गाठीनं बांधते आणि चांगुणायचं नाव घेऊन टोक ओढते. गाठ एका ओढीत सुटली, तरच ती म्हणते, "जावा आता." नाही सुटली, तर होडी वाळूवरच राहते. मग भरती टळली तरी चालेल.