शिशाचा चोर

"पाण्यात शिसं आहे म्हणतेस? मग ते बाहेर काढ आणि ठेव या तळहातावर! आठ दिवसांत!" राजा प्रतापभानू गरजला आणि त्याने भर दरबारात हात पुढे केला.

समोर उभी होती हौसा, गावची कल्हईवाली. बारा वर्षांपूर्वी राजाने डोंगरातल्या झऱ्याचं पाणी शिशाच्या नळांनी घरोघर आणलं होतं. त्या नळांचं कौतुक त्याला पोटच्या पोरांपेक्षा जास्त! पण गावात पोटशूळ जणू मुक्कामालाच आला होता. हौसाची लेक बकुळा तर दिवसेंदिवस पांढरीफटक पडत चालली होती.

"महाराज, कल्हईच्या कथलात शिसं मिसळलं तर जेवणाराच्या पोटात विष जातं, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. इथं तर अख्खा नळच शिशाचा!"

"पाणी कसं काचेसारखं आहे! शिसं दाखव, नाहीतर राजवाड्याची भांडी जन्मभर फुकट घास!"

हौसाने पाणी गाळलं, आटवलं, उन्हात ठेवलं. हाती काय आलं? फडकं ओलं आणि भांडं कोरडं! बकुळा पोट धरून कण्हत होती. हौसाला घास गोड लागेना.

सातव्या दिवशी ती कल्हईची भांडी आणायला राजाच्या कोठीत गेली. तिथे दाराला अडसर म्हणून एक जुना, कधीच न वापरलेला नळ ठेवला होता. तिने तो सरकवायला उचलला आणि ती मटकन खाली बसली. केवढा जड! दारचा नळ दुरुस्तीला काढला होता, तेव्हा तो तर तिने एका हाताने उचलला होता. मग एकटीच हसत सुटली.

आठव्या दिवशी ती दरबारात आली ती रिकाम्या हातांनी.

"शिसं कुठाय?" राजा ओरडला.

"शिसं नाही, फिर्याद आणलीय सरकार. तुमचं शिसं चोरीला गेलंय!"

"माझं शिसं? कुणाची ही छाती?"

"आधी सांगा, सगळे नळ सारख्याच वजनाचे होते ना?"

"एका साच्यातले! मी स्वतः उभा राहून तोलून घेतलेत!"

"मग राजवाड्याच्या अंगणातला एक नळ उपटून आणवा आणि कोठीतलाही आणवा."

दोन्ही नळ ताजव्यात चढले. कोठीतल्या नळाचं पारडं धाडकन खाली गेलं, अंगणातल्याचं वर!

"चोर कोण?" राजाने तलवारीला हात घातला.

"पाणी! रोज थोडं थोडं खरवडून नेतंय. आणि चोरीचा माल आपल्या सगळ्यांच्या पोटात दडवलाय, महाराज. तुमच्यासुद्धा!"

राजाचा हात तलवारीवरून हळूच पोटावर आला.

"हरलो बाई!" तो शेवटी म्हणाला. "उद्यापासून खापराचे नळ! आणि काढलेलं सगळं शिसं तुला बक्षीस!"

"नको सरकार!" हौसाने हात जोडले. "गेली बारा वर्षं तेच तर घरपोच मिळतंय!"

राजा पोट धरून हसला, इतका की मुकुट घसरून नाकावर आला. तो सावरायच्या आधी त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या ओंजळीत टाकलं आणि बकुळासाठी राजवैद्याला पालखीतून धाडलं.