वल्लरीचे चार दोरे

एका राज्यात माणसं थोडी होती आणि मण्यांचे सेवक फार. राजवाड्यात दिवा लावी तो मण्यांचा, वेशीवर पहारा करी तो मण्यांचा, विहिरीवरून पाणी आणी तीही मण्यांचीच. मण्यांची एक लांबलचक माळ घ्यायची, इथं वळवायची, तिथं मुडपायची. शेवटचा मणी जागेवर बसला की सेवक डोळे उघडी आणि कामाला लागे. यात कुणाला नवल वाटत नसे.

या माळांना रूप देई इंदुलेखा. दर वसंतात राजा जयकेतू भर दरबारात तिच्या गळ्यात सोनचाफ्याचा हार घाली. तिची थोरली बहीण वल्लरी तेव्हा गर्दीच्या मागं उभी राही आणि तो वास टाळायला पदर नाकाशी धरी.

वल्लरीचं काम वेगळं. घडी चुकली की माळेची जी चिकट बाजू आत दडायची, ती बाहेर राही. असा सेवक दिवा लावायला जाई आणि समईलाच चिकटून बसे. त्याला आधी झाकणाच्या रांजणात ठेवत. एकांत मिळाला की काही माळा आपसूक नीट वळत. तिथंही जो सुधारला नाही, त्याला इंदुलेखेची दासी टोपलीत घाली, वर फडकं टाकी आणि वल्लरीच्या मागच्या दाराशी ठेवून जाई. वल्लरी त्याच्या मनगटाला एक लाल दोरा बांधी, त्या दोऱ्याला दुसरा, त्याला तिसरा, त्याला चौथा; आणि त्याला पोकळ घाण्याकडे नेई. घाण्याच्या अरुंद तोंडाशी एक साळुंकी बसलेली असे.

"किती?"

"चार."

"मग येऊ दे."

साळुंकी दोरे सोडून वल्लरीच्या हाती परत देई, माळेचं टोक चोचीत धरून ती उलगडी आणि आत सोडी. आत पाती फिरत. तळातून सुटे मणी ओघळत आणि पन्हळीतून वाहत जात. कुठं जातात, हे पाहायला वल्लरी कधी थांबली नाही.

"मोडणारी आली," असं म्हणत बायका मुलांना जवळ ओढत.

"तुला नाही वाटतं कुणी हार घालत?" साळुंकीनं एकदा विचारलं.

"तू गप बस."

"मी गप बसले तर मोजायचं कुणी?"

एका वसंतात हार घालताना राजा म्हणाला, "धन्य इंदुलेखा! हिच्या हातून आजवर एकही घडी चुकली नाही!" दरबारानं जयजयकार केला. इंदुलेखेनं मान खाली घातली. पण नाही म्हटलं नाही.

वल्लरी घरी आली. मागच्या दाराशी टोपल्या वाट पाहत होत्या. तिनं फडकी भिरकावली, टोपल्या उपड्या केल्या आणि दोरे खुंटीवर अडकवले.

"जा गावभर," ती त्या वेड्यावाकड्या सेवकांना म्हणाली. "तिचे हात कसे आहेत ते लोकांना दिसू दे."

आधी लोक हसले. पाणकी पहारेकऱ्याला चिकटली, तो फुलमाळ्याला. मग चांगले सेवकही त्यांच्यात ओढले जाऊ लागले, आणि जो ओढला जाई त्याचीही घडी विसकटे. बघता बघता मण्यांचा डोंगर झाला आणि दरबारातल्या नंदादीपाच्या दिशेनं सरकू लागला. तो दीप विझला तर राज्यातला एकही मणी पुन्हा हलणार नव्हता. ज्या मांत्रिकानं तो लावला त्याचा शापच होता: जिथं बिघडलेल्याला बिघडलेलं म्हणणार नाहीत, ते राज्य स्वतःतच चिकटून मरेल.

सेनापती पुढं झाला. त्याची तलवार चिकटली. राजपुरोहितानं जवळ जाऊन मंत्र म्हटला. त्याची दाढी चिकटली, आणि पुढचा मंत्र त्याला हनुवटी वर करूनच म्हणावा लागला. तिसरी गेली इंदुलेखा. तिनं घड्या सोडवायला हात घातला आणि कोपरापर्यंत अडकली.

वल्लरी गर्दीत उभी होती. खोटं कशाला बोला, तिला आधी बरंच वाटलं. मग डोंगर सरकला, इंदुलेखा त्याच्याबरोबर फरपटली आणि ओरडली, "ताई!"

दरबारासमोर तिनं ही हाक कधी मारली नव्हती.

वल्लरी दोरे आणायला धावली, तशीच घाण्याकडे गेली. "साळुंके, हा डोंगर गिळ!"

"माझं दार केवढं, तुझा डोंगर केवढा! एकेक आण. टोक काढून आण."

टोक कुठं आहे हे घडवणारीलाच ठाऊक. वल्लरी बहिणीपाशी आली.

"इंदू, कुठून उलगडू?"

"दिवेकऱ्याच्या डाव्या टाचेतून. तिथं मी चुकीचं मुडपलं होतं."

"कळलं होतं, आणि तरी झाकून पाठवलंस?"

"मग काय करू? सगळे म्हणतात, हिची घडी चुकत नाही. चुकले तर उरेन काय?" इंदुलेखेचा आवाज चिरकला. "तुझ्यावर मी किती जळते, माहीत आहे? माझा एकेक मणी तुझ्या घाण्याच्या पन्हळीतून येतो. तू थांबलीस आणि माझी परडी रिकामी झाली. माझी सगळी कला तुझ्या हातावर चालते, ताई. ते कुणाला कळू नये म्हणूनच ती फडकी."

जिचा हेवा करण्यात वल्लरीचं आयुष्य गेलं, ती भिंतीपलीकडे हेच करत होती.

"टाच, म्हणालीस ना?" वल्लरी म्हणाली आणि तिनं टोक ओढलं.

इंदुलेखा सांगत गेली, वल्लरी ओढत गेली, बांधत गेली. दोरे परत येत आणि पुन्हा बांधले जात. एकदा घाईत चूक झाली.

"तीनच!" साळुंकी ओरडली.

"अगं, दीप फडफडतोय!"

"फडफडू दे. तीनला दार उघडलं तर उद्या एकाला उघडेन, आणि परवा तुला आत घेईन."

वल्लरीनं चौथा बांधला.

शेवटी एकच उरली. इंदुलेखेचा हात धरून बसलेली तिची लाडकी नर्तकी. आधी रांजणातही ती सुधारली नव्हती. वल्लरी दोरे घेऊन थांबली. "तू सांगितल्याशिवाय नाही बांधणार."

इंदुलेखेनं दरबाराकडे तोंड केलं. "ही बिघडली आहे. कितीतरी घड्या माझ्या हातून बिघडल्या. ताई, बांध."

शब्द उच्चारले गेले आणि शाप तुटला. नर्तकीची पकड सैल झाली, दीपाची ज्योत सरळ उभी राहिली, पन्हळीतून मणी खळखळत वाहू लागले. पुरोहितानं आधी दाढी चाचपली, मग आशीर्वाद दिला.

पुढच्या वसंतात इंदुलेखा दरबारात आली ती उघडी टोपली घेऊन, पुढच्या दारानं. राजानं दोन हार आणवले होते. एक तिच्या गळ्यात पडला, एक वल्लरीच्या. वल्लरीनं दोन्ही हार निरखून पाहिले. तिचा जरा आखूड होता.

"तुझा लांब आहे," ती हळूच म्हणाली.

"बदलू या का?"

"नको. त्या टोपलीत काय आहे?"

"सकाळचा पहारेकरी. मानेत चुकले."

वल्लरीनं कमरेचे दोरे काढले आणि हार न उतरवताच घाण्याची वाट धरली; टोपली घेऊन इंदुलेखाही तिच्यामागं निघाली. साळुंकी चाफ्याच्या वासानं शिंकली आणि विचारती झाली, "किती?"

"चार," दोघी बहिणी म्हणाल्या.