मृगातल्या उजेडाचा फोटो

फार जुनी गोष्ट आहे, पण इतकीही जुनी नाही की तेव्हा कॅमेरे नव्हते. एका डोंगराळ राज्यात चष्म्याच्या काचा घासणारा एक कारागीर आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत होता. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा.

आई लवकर गेली, म्हणून अक्कानेच त्याला वाढवलं. थंडीत जेवणं झाली की ती त्याला घेऊन अंगणात घोंगडीवर बसायची आणि मृग नक्षत्र दाखवायची. बाणाच्या तीन चांदण्यांखाली एक धुरकट, उजळ ठिपका होता. "ती चांदणी नव्हे रे," ती सांगायची, "तो नुसता उजेड आहे. तिथे नव्या चांदण्या जन्मतात." त्या घोंगडीची ऊब आणि आभाळाकडे रोखलेलं अक्काचं बोट, याहून मोठं सुख त्याला पुढे कधी मिळालं नाही.

वर्षं सरली. अक्काचे डोळे अधू झाले. तो ठिपका तर तिला दिसेनासाच झाला. वैद्यांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून थोडे हिवाळे दिसेल. मग नाही."

भाऊ घरी येऊन म्हणाला, "अक्का, मी त्या उजेडाचा फोटो काढतो. मोठा करतो. डोळ्यांजवळ धरून तुला बघता येईल."

अक्का लहान मुलीसारखी हसली.

त्याने स्वतः भिंग घासलं, पत्र्याच्या नळीत बसवलं, मागे कॅमेरा जोडला. इतका मंद उजेड टिपायचा तर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि आभाळ काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून त्याने दोन फळ्या बिजागरीने जोडल्या आणि त्यांच्यातला स्क्रू हाताने हळूहळू फिरवत कॅमेरा ताऱ्यांमागे नेला.

पहिला फोटो आला. उजेड होता, चांगला गुलाबी होता. पण हात हलल्याने चांदण्यांच्या रेघा झाल्या होत्या.

"आला का रे?" अक्काने विचारलं.

"आला, पण नीट नाही. थांब जरा."

फोटो पेटीत गेला. पुढच्या हिवाळ्यात रेघा गेल्या, पण कडा पुसट आल्या. तोही पेटीत. मग त्याला भिंगच लहान वाटू लागलं. मोठं भिंग घासण्यात मृग दिसायचे थंडीचे दिवस निघून गेले. कारागिरांचा हा जुनाच रोग. काचेवरचा ओरखडा दिसतो, दारात वाट बघणारं माणूस दिसत नाही.

अखेर एका थंडीत हवा तसा फोटो आला. तो धावत स्वयंपाकघरात गेला आणि फोटो अक्काच्या हातात ठेवला.

अक्काने तो डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे धरला, मग त्यावरून बोटं फिरवली.

"गुळगुळीत आहे रे," ती म्हणाली.

त्याने फोटो आणखी उजेडात धरला. "तुला दिसत नाही?"

"दिवाळीपासून माणसांच्या सावल्या तेवढ्या कळतात. तुझं काम चाललं होतं, म्हणून बोलले नाही. तो पहिला का नाही दाखवलास?"

"अक्का, त्यात रेघा होत्या गं."

"अरे, मी काय परीक्षा घेणार होते? तेव्हा मला दिसत होतं."

भाऊ खूप रडला. फोटोत काय काय आहे ते त्याने तिला सांगून पाहिलं. तिनेही मान डोलावून ऐकलं, पण ते बघणं नव्हतं. पुढे तो फोटो दुकानात लागला, परगावचे लोक येऊन वाखाणून गेले. कारागीर मात्र त्याच्याकडे पाठ करून काचा घासत बसे.

म्हणून लहानथोरांनो, आपल्या माणसाला जे द्यायचं ते वेळेवर द्यावं, त्यात थोडी खोट राहिली तरी चालेल.