मखमलपर्णीचं काय झालं

थोरल्या लेकीची सुखरूप सुटका होऊ दे म्हणून मी एकदा गणपतीला लाख दूर्वांचा नवस बोलले होते. सुटका झाली, नातही झाली, आणि मग डोळे उघडले: अगंबाई, लाख दूर्वा आणायच्या कुठून? आमच्या अंगणात तर फरशी! शेजारच्या बंगल्यापुढे मात्र ही एवढी हिरवीगार हिरवळ, आणि फाटकावर पाटी, 'आत येऊ नये'. ती पाटी वाचून मला गोजराची गोष्ट आठवली. ऐका तर.

शिलंगपूरच्या दुर्जयसेन राजाने वाड्यापुढे हिरवळ केली होती. दर्यापारच्या एका व्यापाऱ्याने त्याला गवताचं बी विकलं. नाव सांगितलं 'मखमलपर्णी'! राजा त्या नावावरच भाळला. विहिरीवर दोन मोटा लावल्या, सगळं पाणी हिरवळीला. गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन फाटकाबाहेर उभ्या! राणीने समजावून पाहिलं, पण राजा म्हणजे हट्टाचा पुतळा.

एक दिवस दौलू माळी पाणी घालता घालता घेरी येऊन पडला. त्याची लेक गोजरा तशीच उठली आणि दरबारात गेली.

"महाराज, ही हिरवळ एवढ्या पाण्याच्या लायकीची नाही!"

राजाच्या मिशा थरथरल्या.

"असं? मग तूच सांभाळून दाखव! आजपासून हिरवळीला माझ्या विहिरीचा थेंब मिळणार नाही. विळा लावायचा नाही. मजुराला छदाम मिळणार नाही. तरी येत्या चतुर्थीला मखमलपर्णी अशीच हिरवी आणि अशीच सारखी दिसली पाहिजे. नाहीतर बापाला घे आणि गावाबाहेर चालती हो!"

"बरं महाराज. पण विहिरीचं पाणी उरेल, त्याचं काय करू?"

"मला काय विचारतेस? दे जा गावाला!"

"दिलं?"

"दिलं!"

"आणि मदतीला बायका आणल्या तर चालतील?"

"फुकट येत असतील तर अख्खं गाव आण!" राजा खदखदून हसला.

दौलूने कपाळाला हात लावला. "अगं पोरी, काय करून बसलीस! आता बिऱ्हाड कुठे न्यायचं?"

"आबा, तुम्ही झोपा बघू," गोजरा म्हणाली, आणि घरोघर जाऊन बायकांच्या कानात काहीतरी कुजबुजून आली.

दुसऱ्या दिवशी राजा जागा झाला तो गाण्याच्या आवाजाने. सज्ज्यात येऊन बघतो तर काय! हिरवळीवर बायकाच बायका! कुणी उकिडव्या, कुणी मांडी घालून, कुणाच्या काखेत पोर. सगळ्यांची बोटं भराभरा चाललेली. राजा तसाच अनवाणी धावत खाली आला.

"ए! माझी मखमलपर्णी का तोडताय?"

"मखमलपर्णीला कुणी हात लावला, महाराज?" गोजराने ओंजळ पुढे केली. "तीन पानांची कोवळी काडी. ओळखता ना?"

राजाने वाकून पाहिलं. "ह्या... ह्या तर दूर्वा!"

"आणि दूर्वा म्हणजे आमची हरळी!" ठकूआजी बसल्या जागेवरून ओरडली. "माझा लेक शेतातून उपटून उपटून थकला, तरी मरत नाही मेली! आणि तुम्ही पैसे मोजून आणलीत होय?"

बायका फिसकन हसल्या. राजाचे कान लाल झाले.

"आम्ही सगळ्या लाख लाख दूर्वांचा नवस बोललोय," गोजरा म्हणाली. "थांबवू का खुडणं? तुम्हीच सांगा, गणपतीला दूर्वा देऊ नका म्हणून."

राजाने जीभ चावली. तेवढ्यात ठकूआजीने तांब्या कलंडवून आपल्या दूर्वा धुतल्या. पाणी पुन्हा मुळाशी!

"धरलं!" राजाने टाळी पिटली. "हे पाणी माझ्या विहिरीचं!"

"काल तुम्ही गावाला दिलंत ना, महाराज? दिल्यावर तुमचं कसं?"

राजा गेला आपला पाय आपटत वर.

रोज शेंडे खुडून हिरवळ झाली कशी एकसारखी! रोज तांब्या तांब्या पाणी मिळून राहिली कशी टवटवीत! चतुर्थीला राजाने गुडघे टेकून पिवळी काडी शोधली. एक मिळेल तर शपथ!

पण हरेल तो राजा कसला? "पोरी, शेवटचं सांग. ही हिरवळ पोसण्यासारखी आहे की नाही? हो म्हणालीस तर त्या दिवशी खोटं बोललीस. नाही म्हणालीस तर देवाच्या दूर्वांना नावं ठेवलीस!"

गोजरा गालात हसली.

"महाराज, मखमलपर्णी पोसण्यासारखी नाही, आणि दूर्वा पोसाव्याच लागत नाहीत!"

राजाने विचारलं, "मग तुझ्या बापाला काय काम ठेवू?"

"सकाळी फाटक उघडायचं!"

राजाला जे हसू फुटलं ते आवरेना! हसता हसता त्याने विचारलं, "बायांनो, पण एवढ्या जणींनी मागितलंत तरी काय?"

"विहीर गावाला कायमची मिळू दे, एवढंच," ठकूआजी म्हणाली.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका बाईचा पदर घसरला. बघतात तो राणीसाहेब! बोटं हिरवी, मांडीवर टोपलीभर दूर्वा!

"तुम्ही? तुम्ही काय मागितलंत?"

राणी लाजली. "इकडचा हट्ट सुटू दे म्हणून..."

मग तर राजा पोट धरून हिरवळीवरच बसला! तिथूनच त्याने विहीर गावाला देऊन टाकली, गोजराला जरीकाठी लुगडं दिलं, आणि दौलूच्या हातात फाटकाची किल्ली ठेवली.

हीच गोष्ट मी शेजारच्या वहिनींना सांगितली. त्या हसत हसत उठल्या, पाटी काढली, आणि मलाच म्हणाल्या, "मलाही खुडायला शिकवा हो!" लाख दूर्वा आम्ही दोघींनी मिळून वाहिल्या. तेव्हा बायांनो, तुमच्याही दारापुढे हिरवळ असेल, तर चतुर्थीच्या सकाळी फाटकाची कडी तेवढी काढून ठेवा. कुणीतरी वाटी घेऊन नक्की येईल.