मिल्काचा भित्रा मुलगा

फार फार पूर्वी, ख्रिस्ताचं नाव घेणारी माणसं एका घरात मावतील इतकी थोडी होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. मुलांनो, तुम्ही ऐका, आणि जवळपास कुणी मोठं माणूस असेल तर त्यालाही बसवून घ्या.

समुद्राकाठच्या एका गावात मिल्का नावाची विधवा राहत होती. तिची भाकरी भाजण्याची भट्टी होती. तिला दोन मुलगे होते. थोरला योताम कामाला वाघ आणि जिभेचा तिखट. धाकटा आसा मनाचा मऊ आणि भलताच भित्रा. कुत्रं भुंकलं की तो आईमागे लपायचा, आणि ओठावर मिसरूड फुटली तरी ही सवय गेली नव्हती.

मिल्का दोघांनाही कंटाळलेली असे. योताम गिऱ्हाइकांशी भांडून त्यांना पळवून लावी. आसा दाराशी आलेल्या भुकेल्याला फुकट भाकरी देई. एकानं तोडलेलं जोडायचं आणि दुसऱ्यानं सांडलेलं भरायचं, यातच तिचा दिवस मावळे.

पुढे त्या गावात काही प्रवासी आले. ते ख्रिस्ताची शिकवण सांगत, आजाऱ्यांची सेवा करत, आणि जे मिळेल ते वाटून खात. आसा एकदा त्यांचं ऐकायला गेला आणि त्यांचाच झाला. गावातल्या एका घरी त्यांची मंडळी जमू लागली. त्यांच्यातल्या वयस्कर प्रमुखाला सगळे ‘वडील’ म्हणत.

योताम संतापला. भावाचं डोकं फिरलंय, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. मिल्काला ना योतामचं पटे, ना आसाचं. देवाचं काय करायचं ते कर, पण आधी पीठ मळ, एवढंच ती आसाला म्हणे. तो हो म्हणे आणि पीठ अर्धवट टाकून प्रार्थनेला पळे.

शेवटी एके दिवशी योतामनं मामाला बोलावलं, आईलाही बरोबर घेतलं, आणि सगळे आसाला परत आणायला त्या घराशी गेले. आत प्रार्थना चालली होती. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत, असा निरोप आत गेला. थोडं थांबा, असा निरोप बाहेर आला. डोक्यावर ऊन तापत होतं. मामा घाम पुसत होता. योताम गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बडबडत होता. लोक दारांत येऊन बघत होते. मिल्काला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आसा बाहेर आला तेव्हा त्याची नजर जमिनीकडे होती. मामानं त्याचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं.

“आई, मी इथंच राहतो,” तो म्हणाला.

“मग राहा,” मिल्का म्हणाली. “भूक लागली की येशील.”

ती वळली आणि चालू लागली. त्यानंतर तिला तो दिसला नाही.

त्याच वर्षी डोंगरापलीकडच्या शहरात साथ आली. ज्यांना पळता येत होतं ते पळाले. आजारी मागे राहिले. तेव्हा मंडळीतले काहीजण त्यांची सेवा करायला तिकडे गेले, आणि त्यांत आसा होता. मिल्काला हे कळलं तेव्हा ती इतकी चिडली की तिनं भट्टीतल्या भाकरी करपू दिल्या. कुत्र्याला भिणारा पोरगा साथीत जातो म्हणजे काय. काही आठवड्यांनी बातमी आली की आसा साथीनं गेला आणि त्याला तिथंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी वडील मंडळीला घेऊन मिल्काच्या दाराशी आले. ते गात आले. वडील म्हणाले की आसा हसतमुखानं गेला, शेवटच्या श्वासापर्यंत देवाची स्तुती गात होता, आणि भीती म्हणून त्याच्या चेहऱ्यावर उमटली नाही. मरणाचा दिवस हाच त्याचा स्वर्गातला जन्मदिवस आहे, तेव्हा त्याच्या आईनं डोळ्यांत पाणी आणू नये.

मिल्का त्यांच्याकडे बघत राहिली. हे लोक चुकून माझ्या दारी तर आले नाहीत ना, असं तिला वाटलं. तिच्या आसाच्या पायात काटा गेला तर अख्खी गल्ली जागी होत असे.

तेव्हापासून तिला श्वास घ्यायला उसंत मिळेना. मंडळीतल्या बायका येत, तिच्या पदराला हात लावत, आणि ‘तुम्ही धन्य’ म्हणत. तिला हुंदका आला की कुणीतरी चटकन तिचे डोळे पुसे आणि धीराच्या लेकराची आई अशी रडते का, असं विचारे. त्या गेल्या की योताम सुरू होई. तो म्हणे, मी आधीच सांगितलं होतं. त्याला त्यांनी भुलवलं, मरणाच्या तोंडी दिलं, आणि आता गाणी म्हणतात. त्यानं हे इतक्यांदा म्हटलं, की मिल्का त्याला पाहिलं की भट्टीकडे तोंड फिरवून बसू लागली.

पुढे पुढे तर तिला रडूही येईनासं झालं. कुणासाठी रडायचं? गात गात मेलेला तो धीट तरुण तिनं कधी पाहिलाच नव्हता. आणि योताम ज्याच्याबद्दल बोले, तो फसलेला मूर्ख मुलगाही तिचा नव्हता. तिचा आसा या दोघांच्या मध्ये कुठंतरी हरवला होता, आणि कुणी तिला तो शोधू देत नव्हतं.

एके सकाळी वडील आले आणि योतामनं त्यांना दारातच अडवलं. दोघांची जुंपली. मिल्का पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

“हे म्हणतात तो हसत गेला. तू म्हणतोस तो फसून गेला,” ती म्हणाली. “तुमच्यापैकी तिथं कोण होतं?”

तिथून परतलेल्यांनी आपल्याला सांगितलं, असं वडील हळूच म्हणाले.

“मग मीच जाऊन विचारते,” मिल्का म्हणाली. तिनं भट्टी विझवली आणि गाठोडं बांधलं.

साथ नुकतीच ओसरली होती आणि वाट चढाची होती. एवढ्यात जाऊ नको म्हणून योतामनं परोपरीनं सांगितलं. ती ऐकेना, तेव्हा तो पाय आपटत तिच्याबरोबर निघाला. वाटभर तो उन्हाला, दगडांना आणि डोंगराला बोल लावत होता. आसाचं नाव मात्र त्यानं काढलं नाही.

शहरात विचारपूस केल्यावर कळलं की आसा शेवटी झिल्ला नावाच्या एका म्हातारीची सेवा करत होता. म्हातारी वाचली होती. ती मंडळीतली नव्हती. तिच्या घरात तिच्या जुन्या कुलदेवतांच्या मूर्ती होत्या, आणि त्यांच्यापुढे दिवा होता.

झिल्लानं दोघांना बसवलं, पाणी दिलं, आणि आपल्या गुडघ्यांचं दुखणं सांगायला घेतलं. मग गळक्या छपराचं. मग शेजाऱ्याच्या शेळीचं, जी तिची वेल खाऊन गेली होती. मिल्कानं बराच वेळ दम धरला.

“बाई,” अखेर ती म्हणाली, “माझ्या मुलाचं सांगा. आसाचं.”

“कोण, तो रडका?” झिल्ला म्हणाली.

योताम ताडकन उठला. मिल्कानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“हो,” ती म्हणाली. “तोच. सांगा.”

मग झिल्लानं सांगितलं. पहिल्या दिवशी तो पोरगा दुर्गंधीनं दारातच अडला होता. पाणी पाजताना त्याचा हात इतका कापे की निम्मं तिच्या गळ्यावर सांडे. ती त्याला शिव्या घाली. तोही कधी कधी वैतागून उलट बोले. मग शेजारचा माणूस मेला आणि त्याला दारावरून नेलं, ते आसानं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं आपलं गाठोडं बांधलं आणि तो निघून गेला. आता आपण तहानेनं मरणार, हे झिल्लाला कळून चुकलं.

“दुपार कलल्यावर परत आला,” ती म्हणाली. “वेशीपर्यंत गेला होता म्हणे, आणि तिथंच बसून राहिला होता. मला म्हणाला, आजी, मला फार भीती वाटते, पण तुम्हाला पाणी कोण देणार? आणि घडा भरायला गेला.”

“मग?” मिल्कानं विचारलं.

“नंतर तोच आजारी पडला. तोवर मी उठून बसले होते, तर मी त्याला पाणी दिलं.”

“तो गात होता का?” मिल्कानं विचारलं.

“गातोय कसला. घसा धरला होता त्याचा. रडत होता. मध्येच देवाचं नाव घेई, मध्येच तुम्हाला हाक मारी. मी म्हटलं, येतेय तुझी आई, निघालीय. खोटंच सांगितलं. दुसरं काय करणार होते मी?”

तेव्हा मिल्काला तिचा मुलगा सापडला. दारात अडलेला, पाणी सांडणारा, गाठोडं बांधून पळालेला आणि परत आलेला. ती जमिनीवर कपाळ टेकून मोठमोठ्यानं रडू लागली. झिल्लानं तिला उगी म्हटलं नाही. गुडघ्यांच्या नावानं कुरकुरत ती सरकत जवळ आली आणि मिल्काच्या पाठीवर हात ठेवून बसली.

योताम भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“हा आपला आसा,” तो म्हणाला. “मी वेशीवरून परत आलो नसतो, आई.” आणि मग त्यालाही रडू आवरेना.

गावी परतल्यावर प्रार्थनेच्या दिवशी मिल्का मंडळीच्या घरी गेली. त्या उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. वडील आसाच्या धैर्याची तीच गोष्ट सांगायला उभे राहत होते. मिल्का म्हणाली की आज मी सांगते, आणि तिनं जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. गाठोड्याचं सांगितलं, रडण्याचंही सांगितलं.

वडिलांनी तिला मध्येच थांबवलं. “बहिणी, असं ऐकून विश्वासात कच्चे असणारे डगमगतील,” ते म्हणाले. “हे माझ्याही कानावर आलं होतं. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून मी बोललो नाही.”

“मला विचारायचं तरी,” मिल्का म्हणाली. “तुम्ही त्याची भीती झाकलीत, आणि तिच्याबरोबर त्याचं परत येणंही झाकलं गेलं. ज्याला भीतीच नाही त्याला वेशीवरून मागं फिरावं लागत नाही, वडील. आणि तुमचा प्रभू आपल्या मित्राच्या कबरेपाशी रडला होता, असं आसाच मला सांगायचा. मग माझ्या रडण्यानं कुणाचा विश्वास बुडणार आहे?”

मागच्या रांगेत एक तरुण बाई बसली होती. तिचा नवरा त्याच साथीत गेला होता, आणि तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही आला नाही म्हणून सगळे तिचं कौतुक करत आले होते. तिनं पदर तोंडावर घेतला आणि ती हमसून हमसून रडू लागली. शेजारणी तिच्याजवळ सरकल्या. वडील उभ्याचे खाली बसले आणि त्या दिवशी कुणी स्तोत्र म्हटलं नाही.

तेव्हापासून त्या मंडळीत कुणी गेलं, की लोक आधी घरच्यांजवळ नुसते बसत, आणि गाणी नंतर म्हणत. काही वर्षांनी पुन्हा साथ आली. या खेपेला सेवेला जाणारे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त निघाले, कारण भित्र्यालाही हे जमतं, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. योताम शेवटपर्यंत मंडळीत गेला नाही. त्याच्या शंका तशाच राहिल्या आणि जीभही तिखटच राहिली. पण त्या खेपेला पाण्याचा घडा खांद्यावर घेऊन, रस्त्याला नावं ठेवत, तो सर्वांच्या पुढे चालत होता.

म्हणून सांगतो: गेलेल्या माणसाला त्याच्या भीतीसकट आठवावं आणि त्याच्या आईला रडू द्यावं, तरच त्याचं धैर्य मागे राहिलेल्यांच्या उपयोगी पडतं.